ओळ चारशे बारा

सहाशे अकरा माणसं आहेत माझ्या तक्त्यात.
एकच डोळ्यात खुपतो :
कासिमिरो ओबान्दो, वय अडतीस, ऊसतोड,
गेल्या हंगामात रोजी साडेचार टन,
यंदा सात.

संचालकबाई खूश.
"सावलीला तंबू, तासाला दहा मिनिटं टेकणं, मीठ घातलेलं पाणी,
एवढ्यावर माणूस अडीच टन जास्त तोडतो, बघ.
हे मालकांपुढे ठेवायचं.
दयेपेक्षा आकडा लवकर पटतो."

खरंय ते.
पण अडीच टन जरा जास्तच होतात.
मी बस धरली.

लेओन सोडलं की उजव्या हाताला ज्वालामुखी धुरकटत बसलेला,
डाव्या हाताला ऊस,
उभा, मग जाळलेला, मग उभा.
दोरीवरच्या चादरींवर काजळीची भुरभुर.
सकाळी नऊला छत्तीस अंश.
पूर्वी सहाला सुरू व्हायची तोड, आता चारला,
अंधार तेवढा स्वस्त झालाय.

पेत्रोनानं मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली.
कासिमिरो आहेत का?
"कोणता?" ती म्हणाली,
आणि काय बोलून गेलो ते तिचं तिलाच कळलं.

नोव्हेंबरात फाटकावर रक्त तपासतात.
क्रिएटिनिन रेषेच्या वर गेलं की नाव खोडतात.
रेषाही आमच्यासारख्याच कुणीतरी अभ्यास करून आखलेली,
मजूर जगावा म्हणून.
कासिमिरो रेषेच्या वर निघाला.
बहिणीचा यादेर सतरा वर्षांचा, मूत्रपिंडं काचेसारखी,
पण ओळखपत्र नाही.
एकाकडे नाव होतं, रक्त नव्हतं.
एकाकडे रक्त होतं, नाव नव्हतं.
दोघं मिळून एक कोयता झाले.

फोटो?
"काजळी फासली की मामा-भाचे सारखेच.
आणि फाटकावरचा माणूसही कुणाचा तरी मामाच असेल ना."

फेब्रुवारीत कासिमिरो गेला.
नोंद केली नाही, केली असती तर कामही गेलं असतं.
क्रूसावर नुसतं 'बाबा' रंगवलंय.
नाव अजून तोडतंय.

यादेर चारला आला. आधी पाणी प्यायला,
मग बूट काढले, मग मला पाहिलं.
मी अर्ज उघडला. दुसरं काय करणार होते?
विश्रांतीमुळे फरक पडतो?
"पडतो. मामाच्या वेळी तंबू नव्हता."
रात्री पायात गोळे येतात?
"कुणाच्या?"
मी पुढच्या प्रश्नावर गेले.

शेवटी त्यानंच विचारलं,
"पुढच्या वर्षी ठेवतील तंबू?"
आकडे चांगले आले तर.
"मग आठ टन लिहा की."

आता कचेरीत पंखा तक्त्याचे कागद उडवतोय.
ओळ चारशे बारा काढली
तर रोजच्या वाढीची सरासरी जेमतेम चार किलोंनी हलते.
चार किलो. अहवालाला कळणारही नाही.
ठेवली, तर एक मेलेला माणूस सिद्ध करतो
की सावलीत माणूस जास्त जगतो.
आणि ते खोटं नाही,
हेच तर अवघड आहे.

संचालकबाईंचा दोनदा फोन येऊन गेला.
मी तिन्ही संमतिपत्रं शेजारी शेजारी ठेवलीत.
पहिल्यावर मामाची सही, जाड हाताची, 'ओ'ला टेकू दिलेला.
दुसऱ्यावर डिसेंबरातली, अक्षरागणिक थांबलेली,
कागदावर पेन इतकं दाबलेलं की मागून बोटाला लागतं.
तिसरी परवाच्या संध्याकाळची.
ती त्यानं उभ्याउभ्याच केली, पाण्याचा तांब्या दुसऱ्या हातात,
न बघता, एका दमात,
कासिमिरो ओबान्दो.